अण्णांचं शेड केवढं आणि कायद्याच्या हिशेबात अण्णा केवढे

मी कोल्हापूरकडच्या छोट्या युनिटांची पुस्तकं लिहितो, म्हणजे टॅली, जीएसटी आणि वर्षाच्या शेवटी सीएसाहेबांकडे सगळं बांधून द्यायचं. हे प्रकरण त्यातल्याच एका गिऱ्हाइकाचं, नाव सांगत नाही, अण्णा म्हणू. शिरोली एमआयडीसीत त्यांचं मशीन शॉप आहे, तीन सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी, एक जुनी रेडियल ड्रिल, कॉम्प्रेसर, चौदा माणसं. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, अण्णा ते मशिनिंग करून पुढच्या कंपनीला देतात. शिवाय बेळगावात उद्यमबागला एक छोटा डेपो आहे, तिथं इन्सर्ट, ड्रिल, टूल होल्डर विकायचं काम त्यांचा भाचा बघतो. दोन्हीकडं जीएसटी नंबर वेगळा कारण राज्यच वेगळं, पण पॅन एकच, अण्णांचाच, कारण प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या मालकाचा धंदा.

झालं असं की फेब्रुवारी २०२४ मध्ये अण्णांच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीकडून एक फॉर्म आला, तुमचा उद्यम नंबर (छोट्या-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) काय, तुम्ही मायक्रो की स्मॉल की मीडियम, सही शिक्का मारून पाठवा. त्या महिन्यात असे फॉर्म सगळ्या एमआयडीसीत फिरत होते. कारण २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने इन्कम टॅक्सच्या कलम ४३बी मध्ये एच पोटकलम घातलं होतं आणि ते २०२३-२४ या वर्षापासून लागू झालं. मायक्रो किंवा स्मॉल सप्लायरचं बिल २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याच्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही आणि ३१ मार्चला ते तसंच थकलेलं राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. म्हणजे इतके दिवस जे अकाउंट्सवाले फोन उचलत नव्हते तेच आता स्वतःहून फोन करायला लागले. अण्णांचे त्या कंपनीकडे ३८ लाख अडकले होते, ऑक्टोबरपासूनचे.

अण्णांनी प्रमाणपत्राची झेरॉक्स पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं की तुमच्या प्रमाणपत्रावर मेजर अ‍ॅक्टिव्हिटी ट्रेडिंग आहे, ट्रेडरला ही ४५ दिवसांची मुदत लागू नाही, सबब तुमचं पेमेंट नेहमीच्या टर्मप्रमाणे, म्हणजे नव्वद दिवसांनी, होईल.

अण्णा प्रमाणपत्र घेऊनच माझ्याकडे आले. लॅमिनेट करून शेडमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं होतं ते, खिळ्यावरनं काढून आणलेलं. म्हणाले, "अरं मी काय दुकान घालून बसलोय व्हय, चौदा पोरं तिथं मशीनवर उभी हायत." बरोबरच होतं. पण कागदावर खरंच ट्रेडिंग लिहिलेलं होतं आणि खाली एनआयसी कोड (धंद्याच्या प्रकाराचा सरकारी नंबर) ४६ ने सुरू होणारा, म्हणजे होलसेल.

कसं झालं ते शोधायला दोन दिवस गेले. जुना उद्योग आधार, म्हणजे उद्यमच्या आधीची नोंदणी, ३० जून २०२२ ला संपणार होता म्हणून शेवटच्या आठवड्यात अण्णांनी एका एजंटकडून उद्यम नोंदणी करून घेतली. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार, पॅन आणि जीएसटी नंबर टाकायचा आणि ओटीपी, एकही कागद अपलोड करावा लागत नाही, तरी त्यानं दीड हजार घेतले. आणि त्याच्यासमोर बेळगावच्या डेपोचा जीएसटी कागद वर होता, त्यात होलसेल लिहिलेलं, त्यानं तेच बघून ट्रेडिंगवर टिक केलं आणि मोकळा झाला. मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला होता, ते पुढे डोकेदुखी झालं.

आता ट्रेडिंगचा एवढा बाऊ का. रिटेल आणि होलसेल व्यापाऱ्यांना आधी एमएसएमईमधनं बाहेरच ठेवलं होतं, २ जुलै २०२१ ला परत घेतलं पण एका अटीवर, फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरता. त्यामुळे उद्यम नंबर असला तरी उशिरा पेमेंटचं संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही. कंपनीच्या अकाउंट्सवाल्यानं जे लिहिलं होतं ते कायद्याला धरून होतं, फक्त ते चुकीच्या माणसाला लावलं होतं.

मी म्हटलं टिक बदलायच्या आधी अण्णा नक्की कुठल्या गटात बसतात ते तरी बघू, कारण अण्णांच्या डोक्यात एक, एजंटनं सांगितलेलं दुसरं आणि कंपनीच्या फॉर्मवर तिसरंच. अण्णा म्हणत होते आपण स्मॉल, कारण मशिनरीच सव्वातीन कोटीची घेतलीय. हा २००६ च्या कायद्याचा जुना हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. तेव्हा मॅन्युफॅक्चरिंगला मशिनरीची मूळ किंमत २५ लाखांपर्यंत मायक्रो, ५ कोटींपर्यंत स्मॉल, १० कोटींपर्यंत मीडियम, आणि सर्व्हिसला वेगळ्या, कमी मर्यादा होत्या. १ जुलै २०२० पासून हे सगळं बदललं. मॅन्युफॅक्चरिंग आणि सर्व्हिस हा भेद गेला (जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर फक्त मजुरीचं काम, हे उत्पादन की सेवा ही जुनी भांडणं त्यामुळे गटापुरती तरी मिटली), आणि गुंतवणुकीबरोबर उलाढालही मोजायला लागले. गुंतवणूक १ कोटी आणि उलाढाल ५ कोटींपर्यंत मायक्रो, १० कोटी आणि ५० कोटींपर्यंत स्मॉल, ५० कोटी आणि २५० कोटींपर्यंत मीडियम. दोन्हीपैकी एक जरी ओलांडलं तरी वरच्या गटात ढकलतात, पण खाली यायचं असेल तर दोन्ही खाली यायला लागतात. कामगार किती, शेड केवढं, जागा स्वतःची की भाड्याची, हे कुठंच बघत नाहीत.

पहिल्यांदा गुंतवणूक. इथं ९० टक्के लोक चुकतात असं मी अनुभवाने सांगतो. गुंतवणूक म्हणजे खरेदी किंमत नाही, इन्कम टॅक्सच्या हिशेबात घसारा वजा जाऊन वर्षाच्या शेवटी जी किंमत राहते ती. अण्णांची पहिली व्हीएमसी ऑगस्ट २०१६ मध्ये ३२ लाखांना घेतलेली. साधा १५ टक्के घसारा दरवर्षी धरला तर ३१ मार्च २०२३ ला ती कागदावर १०.२६ लाखांची उरते. मशीन तेच, काम तेच, रोज दोन शिफ्ट चालतंय, आणि कायद्याला ते दहा लाखांचं दिसतं. सगळी यादी अशी उतरवली तेव्हा सव्वातीन कोटींचे ८८ लाख झाले. त्यात अण्णांची गाडीपण आली, कारण फर्मच्या पुस्तकात घेतलीय आणि जमीन, इमारत, फर्निचर सोडून बाकी हाताला लागणारी सगळी मालमत्ता यात मोजतात. गाडीचं ऐकून अण्णा जरा हिरमुसले. एखादं नवंकोरं युनिट असेल, अजून रिटर्नच भरलेलं नसेल, तर मात्र बिलावरची किंमत जीएसटी सोडून स्वतः लिहून द्यायची असते.

म्हणजे गुंतवणुकीनं मायक्रो. आता उलाढाल, आणि खरी गंमत तिथं आहे.

२०२२-२३ ला शिरोलीची विक्री ४.३५ कोटी, बेळगावची १.३० कोटी. अण्णांना वाटत होतं दोन जीएसटी नंबर म्हणजे दोन उद्योग, बेळगावला वेगळं उद्यम काढू. तसं नाही चालत. एका पॅनवरचे सगळे जीएसटी नंबर मिळून एकच उद्योग, आणि एका उद्योगाला एकच उद्यम नंबर, त्यात युनिटं आणि कामं हवी तेवढी घाला. म्हणून बेरीज ५.६५ कोटी, म्हणजे स्मॉल. पण त्यात ८० लाखांचा माल अण्णांनी स्वतःच्या नावावर थेट परदेशी पाठवलेला होता, आणि एक्स्पोर्टची विक्री या मोजणीत धरतच नाहीत. ती वजा केली की ४.८५ कोटी. परत मायक्रो. अण्णा म्हणाले, "सकाळपासनं मी स्मॉल हुतो, मग मायक्रो, मग स्मॉल, आता परत मायक्रो. च्या सांग."

चहा आला तोवर मी त्यांना एक गोष्ट दाखवली जी मलाही आकडे मांडेपर्यंत एवढी स्पष्ट दिसली नव्हती. अण्णांच्याकडे एक गिअर केसचा पार्ट चालतो. कास्टिंग साधारण ५६० रुपयांचं आणि मशिनिंगचे १४० रुपये असं धरू. कंपनीनं स्वतःचं कास्टिंग चलनावर पाठवलं तर अण्णांचं बिल नगाला १४० चं. तोच पार्ट विथ मटेरियल दिला, म्हणजे कास्टिंग अण्णांनी फाउंड्रीतनं विकत घेतलं, तर बिल ७०० चं. महिन्याला दहा हजार नग पकडले तर जॉबवर्कमध्ये वर्षाची उलाढाल १.६८ कोटी आणि विथ मटेरियलमध्ये ८.४० कोटी. मशीन तेच, ऑपरेटर तोच, नफा जवळपास तोच, कदाचित विथ मटेरियलमध्ये कमीच कारण रिजेक्शन झालं तर कास्टिंगचे पैसेपण अंगावर येतात. पण कायद्याच्या तेव्हाच्या मर्यादेत एक माणूस मायक्रो आणि दुसरा स्मॉल. हल्ली कंपन्यांना सगळं विथ मटेरियलच पाहिजे असतं, त्यांचं स्टॉकचं आणि वर्किंग कॅपिटलचं ओझं सप्लायरवर ढकलायला, आणि सप्लायर बसल्या जागी 'मोठा' होत जातो. माझ्या मते उलाढालीच्या मोजणीतली ही सगळ्यात मोठी खोट आहे, पण माझ्या मताला कोण विचारतंय.

तरी अण्णांना एक सांगितलं की पेमेंटच्या भांडणात मायक्रो की स्मॉल यानं काडीचा फरक पडत नाही. कायद्यात सप्लायर म्हणजे मायक्रो किंवा स्मॉल, दोघांना सारखंच संरक्षण. मीडियम झालात की मात्र ते छत्र गेलं, ४५ दिवसपण नाहीत आणि ४३बीचं एचपण नाही. मायक्रो असण्याचा उपयोग बँकेत, कारण बँकांना प्राधान्य क्षेत्राच्या टार्गेटमध्ये मायक्रोसाठी वेगळा ७.५ टक्के वाटा भरायचा असतो, मार्च जवळ आला की मॅनेजरचा फोन येतो तो त्यामुळेच. म्हणजे अण्णांच्या ३८ लाखांसाठी एकच प्रश्न होता, ट्रेडिंग की मॅन्युफॅक्चरिंग.

टिक बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, पण लॉगिनचा ओटीपी एजंटच्या मोबाइलवर. तो म्हणाला मी सध्या गावाला आहे, मग म्हणाला फोन हरवलाय, मग पाचशे रुपये मागितले. अण्णांनी स्वतः जाऊन त्याच्या दुकानासमोर गाडी लावली तेव्हा फोन सापडला. मेजर अ‍ॅक्टिव्हिटी मॅन्युफॅक्चरिंग केली, मशिनिंगचा एनआयसी २५९२ च्या वर्गातला कोड वर घातला, बेळगावचं होलसेल खाली दुसरं काम म्हणून राहू दिलं, कारण ते खरंच आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. मोबाइल नंबर अण्णांचा केला. नवं प्रमाणपत्र १२ मार्चला हातात.

कंपनीनं लगेच दुसरी फांदी पकडली, की तुमची दुरुस्ती मार्चची, बिलं ऑक्टोबरपासूनची. इथं मी सीएसाहेबांकडून पत्र करून घेतलं. मुद्दा सरळ होता, अण्णांची उद्यम नोंदणी जून २०२२ ची आहे, बिलांच्या कितीतरी आधीची, नंबर बदललेला नाही, आणि तुमच्या स्वतःच्या परचेस ऑर्डरवरच मशिनिंगचं ड्रॉइंग नंबर आणि ऑपरेशन लिहिलंय, तुम्हीच ट्रेडर म्हणून ऑर्डर दिली होती काय. नोंदणीच बिलांनंतरची असती तर प्रकरण अवघड होतं, सुप्रीम कोर्टानं २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात सांगितलंय की नंतर केलेली नोंदणी मागच्या व्यवहारांना लागू होत नाही. (जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं या भूमिकेवर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला, पण त्या भरवशावर कुणी नोंदणी लांबवू नये.)

पत्रात एक हिशेबही जोडला. ऑर्डरवर नव्वद दिवस लिहिलेले असले तरी एमएसएमई कायद्याच्या कलम १५ नुसार करार करूनसुद्धा ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, आणि लेखी करारच नसेल तर १५ दिवस. मोजायचं माल पोचल्यापासून, त्यांच्या जीआरएनला (माल मिळाल्याच्या नोंदीला) कधी मुहूर्त लागतो त्यावर नाही, आणि मालाबद्दल पंधरा दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. समजा ६ लाखांचं बिल, माल १० ऑक्टोबर २०२३ ला पोचला, तर मुदत २४ नोव्हेंबरला संपली. पुढं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेव्हा बँक रेट ६.७५ होता म्हणजे २०.२५ टक्के, आणि तेही दरमहा चक्रवाढ. २४ मार्चपर्यंत चार महिन्यांचे साधारण ४१,५०० रुपये होतात, एका बिलाचे. हे व्याज त्या कंपनीला खर्च म्हणून दाखवतापण येत नाही.

व्याजाला ते घाबरले असं मला वाटत नाही, कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं अण्णा मागणार नाहीत. घाबरले ते टॅक्सला. ३८ पैकी ३१ लाखांची मुदत मार्चअखेर टळून गेलेली असणार होती, त्यावर २५ टक्क्यांनी धरला तरी पावणेआठ लाखांचा टॅक्स त्यांना त्याच वर्षी जादा भरायला लागला असता. शिवाय कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, दर सहा महिन्यांनी कंपनी रजिस्ट्रारकडे थकलेल्या मायक्रो-स्मॉल देण्यांचा फॉर्म भरायचा असतो, त्यात अण्णांचं नाव घालायचं की नाही हाही प्रश्न. २८ मार्चला २२ लाख जमा झाले, ३० ला ९ लाख, उरलेले एप्रिलमध्ये.

इथं प्रकरण संपलं असं वाटलं होतं. मे महिन्यात परचेसवाल्या साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बसवून गोड शब्दांत विचारलं, उद्यम रद्द करता येतं का बघा ना, म्हणजे दोघांनाही त्रास नको, नाहीतर वरून सांगतायत मीडियम सप्लायरकडेच काम वळवा. त्या काळात असं बऱ्याच जणांना सांगितलं गेलं. अण्णांचं साठ टक्के काम त्याच कंपनीचं, त्यामुळे ते खरंच विचारात पडले. मी म्हटलं रद्द केलंत तर बँकेचं सवलतीचं कर्ज आणि पेमेंटचा कायदा एका दमात जाईल आणि ते काम द्यायचं थांबवणार असतील तर नंतरही थांबवतीलच. शेवटी मार्ग निघाला तो कायद्यातनं नाही तर भावातनं, अण्णांनी दोन पार्ट परत जॉबवर्कवर घेतले, कास्टिंग तुमचं तुम्ही पाठवा, आणि दर ४० दिवसांनी पेमेंट. कंपनीला स्टॉक धरावा लागला पण अण्णांचं थकणारं बिलच लहान झालं.

शेजारच्या फाउंड्रीवाल्यांचं मात्र उलटं झालं होतं ते इथंच सांगतो. त्यांची गुंतवणूक घसारा जाऊन ९ कोटी, म्हणजे स्मॉलच, पण पिग आयर्न आणि स्क्रॅप महागलं त्या वर्षी टनेज न वाढताच उलाढाल ५४ कोटींवर गेली आणि ते मीडियम. त्यांना एकच आधार होता, १८ ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं वर ढकलल्या गेलेल्या उद्योगाला आधीच्या गटाचे टॅक्स सोडून बाकीचे फायदे तीन वर्षं चालू राहतात. मग १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाच वाढल्या, मायक्रोला गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी, स्मॉलला २५ आणि १०० कोटी, मीडियमला १२५ आणि ५०० कोटी. नव्या मर्यादेत ते दोन्ही बाजूंनी खाली आले. पण खाली येताना फायदा लगेच मिळत नाही, बदल झाला ते आर्थिक वर्ष संपून पुढच्या १ एप्रिलपासून मिळतो, असा नियमात वेगळा खुलासा आहे. तो मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी कायद्याला उद्देशून जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

अण्णांना मात्र नव्या मर्यादेनं मोकळं केलं. पाच कोटींची उलाढाल जवळ आली की फेब्रुवारीत बिलं पुढच्या आर्थिक वर्षात ढकला म्हणून ते माझ्या मागं लागायचे, ते बंद झालं. मागच्या महिन्यात फोर अ‍ॅक्सिस मशीनचं कोटेशन आणलंय आणि गाडी बदलायचीपण चाललीय, पहिला प्रश्न हाच की दोन्ही घेतलं तर अडीच कोटीच्या वर जातो काय. जात नाही, आसपासपण नाही. नवं प्रमाणपत्र खिळ्याला लावलंय आणि जुनं ट्रेडिंगवालंपण त्याच्यामागं तसंच आहे, लॅमिनेशनचे पैसे दिलेत म्हणून. व्याजाच्या हिशेबाचा कागद माझ्या फाइलीत आहे, तो अण्णांनी कधी मागितला नाही.